तलावाचा उथळ काठ आणि व्हॅलिस्नेरिया



चांदूर रेल्वेत ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी हयातभर शाळेत शास्त्र शिकवलं. म्हणून विषय निवडताना मी शास्त्राचाच निवडला, आणि तोही आपल्या पायाखालचा. आज मी आपल्याशी पाण्याखाली वाढणाऱ्या एका लहानशा फुलझाडाबद्दल बोलणार आहे. त्याचं शास्त्रीय नाव व्हॅलिस्नेरिया. आपल्याकडे तलावात बुडून वाढणाऱ्या सगळ्याच हिरव्या गोष्टींना सरसकट शेवाळ म्हणतात आणि हे झाडही त्यातच जातं. पण शेवाळाला फूल नसतं, बी नसतं. याला दोन्ही आहेत, आणि फूल असं आहे की जगातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांना त्यानं तीनशे वर्षं विचार करायला लावलं.

आपल्यातल्या प्रत्येकानं शाळेत एक प्रयोग केला किंवा निदान वहीत काढला आहे. चंचुपात्रात पाणी, पाण्यात हायड्रिलाच्या काड्या, त्यावर उलटं नरसाळं, नरसाळ्यावर पाण्यानं भरलेली परीक्षानळी. पात्र उन्हात ठेवलं की बुडबुडे वर जातात आणि गुरुजी सांगतात, हा ऑक्सिजन. त्या हायड्रिलाचंच हे भावंड. दोघांचं कुळ एक. हायड्रिलाला खोडाभोवती बारीक पानांची वलयं असतात. व्हॅलिस्नेरियाला उभं खोड दिसतच नाही. चिखलातल्या एका बुंध्यातून फितीसारखी लांब, पातळ पानं निघतात. पाणी हातभर असेल तर पान हातभर आणि पाणी पुरुषभर असेल तर पानही त्याच मानानं लांब. चिखलावरून आडवे धुमारे पळतात, वीतभर अंतरावर नवं रोप धरतं आणि पाहता पाहता तळावर हिरवी कुरणं तयार होतात. ज्यांनी घरात माशांची काचपेटी ठेवली आहे त्यांनी हे झाड बाजारातून विकत आणलेलं असेल. तलावात ते फुकट मिळतं म्हणून त्याची कुणी चौकशी करत नाही.

आता फुलाकडे येऊ. यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. मादी झाडाचं फूल एका लांब, दोऱ्याइतक्या बारीक देठावर बसून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येतं. पाणी वाढलं तर देठही वाढतो. फूल दिसायला अगदी साधं, तीन पाकळ्यांसारखी दलं आणि मध्ये फाटे फुटलेली कुक्षी. ते पाण्यावर तरंगतं, पण त्याच्या वजनानं आणि मेणचट अंगामुळे भोवतीचं पाणी किंचित दबतं. बशीच्या आकाराचा एक उथळ खळगा तयार होतो. हा खळगा लक्षात ठेवा.

नर झाडाची फुलं तळाशीच असतात. बुंध्याजवळ एका पारदर्शक पिशवीत शेकड्यांनी, कधी हजाराहूनही जास्त कळ्या दाटीवाटीनं बसलेल्या. एकेक कळी मिलिमीटरभरही नाही. पिशवी फुटली की कळ्या देठापासून सुटतात. झाडापासून फूल सुटणं म्हणजे एरवी मरण. इथं तेच कामाला लागणं आहे. प्रत्येक कळीत हवेचा एक कण अडकलेला असतो, त्याच्या बळावर ती मिटलेल्या अवस्थेत पाण्यातून वर येते आणि पृष्ठभागावर आल्याबरोबर उघडते. तिची तीन दलं मागे वळतात आणि फूल त्यांच्यावर उभं राहतं. एक-दोन पुंकेसर वर, पराग कोरडे. अशा शेकडो चिमुकल्या होड्या वाऱ्यानं तलावभर फिरतात. फिरता फिरता एखादी त्या खळग्याच्या काठाशी आली की उतारावरून घसरत थेट मादी फुलाच्या अंगावर जाते आणि पुंकेसर कुक्षीला टेकतात. मधमाशी नाही, मध नाही, सुगंध नाही. वारा आणि पाण्याचा ताण एवढ्यावर लग्न लागतं.

अमेरिकेत रॉबर्ट वायली यांनी १९१७ मध्ये यातली आणखी एक गंमत लिहून ठेवली. बारीक लाट येते तेव्हा मादी फूल क्षणभर पाण्याखाली ओढलं जातं, पण वर हवेचा एक बुडबुडा धरून. जवळ आलेली नरफुलं त्या बुडबुड्यात फुलासह बंद होतात. पाण्याखाली गेलेली असूनही कोरडी राहतात आणि परागण तिथंच होतं. आपल्या देशात एस. बी. कौशिक या संशोधकांनी १९३९ साली अमेरिकन जर्नल ऑफ बॉटनीत याच झाडावर निबंध छापला. परागणाचा मादी फुलाच्या पुढच्या वागण्यावर काय परिणाम होतो, हा त्यांचा प्रश्न होता. कारण परागण झालं की तो लांब देठ मळसूत्रासारखा वळत जातो आणि फूल खाली, चिखलाच्या जवळ ओढून घेतो. शेंगेसारखं लांबट फळ तिथं, पाण्याच्या सुरक्षित अंधारात, पिकतं. आत चिकट गरात पुष्कळ बारीक बिया.

नर आणि मादी एकमेकांपासून किती वेगळे दिसतात याचा पुरावा इतिहासातच आहे. फ्लॉरेन्सच्या पिएर आंतोनिओ मिकेली यांनी १७२९ च्या ग्रंथात मादी झाडाला व्हॅलिस्नेरिया म्हटलं आणि नर झाडाला व्हॅलिस्नेरॉइडिस असं नाव देऊन ते निराळंच झाड ठरवलं. नाव दिलं ते पादुआचे वैद्य आणि निसर्गअभ्यासक आंतोनिओ व्हॅलिस्नेरी यांच्या सन्मानार्थ. पुढे लिनियसनं १७५३ मध्ये व्हॅलिस्नेरिया स्पायरॅलिस हे नाव पक्कं केलं. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी १७८९ च्या आपल्या काव्यात या झाडाला जागा दिली. भारतातलं झाड नेमकं कोणत्या जातीचं, हा वाद अजून मिटलेला नाही. पूर्वी सगळ्यांना स्पायरॅलिस म्हणत. २००८ मध्ये डोनाल्ड लेस आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या आधारे व्हॅलिस्नेरियाच्या जातींची पुन्हा मांडणी केली, तेव्हापासून पानाच्या कडेचे दाते आणि पुंकेसरांची संख्या भिंगाखाली पाहिल्याशिवाय जात सांगू नये, असं जाणकार म्हणतात. म्हणून मीही आज नुसतं व्हॅलिस्नेरिया म्हणतो.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, झाड छान आहे, पण चांदूर रेल्वेला त्याचं काय?

मित्रहो, आपलं गाव कोणत्या पाण्याचं आहे ते आधी पाहू. पश्चिमेकडे अकोल्याच्या बाजूला पूर्णेचं खोरं, त्यात खारपाणपट्टा, आणि ते पाणी तापीला जातं. आपल्याकडचं पाणी वर्धा नदीला, तिथून प्राणहितेतून गोदावरीला. मध्ये पोहरा-मालखेडच्या जंगलाचे डोंगर. मालखेडचा तलाव याच डोंगराच्या कुशीत आहे, आणि बडनेऱ्याहून येताना चांदूरच्या आधीचं मालखेड स्टेशन सगळ्यांच्या ओळखीचं. पोहरा-मालखेडच्या पक्ष्यांची यादी जयंत वडतकर आणि राजू कसंबे यांनी २००२ मध्ये झूज् प्रिंट जर्नलमध्ये छापली. अमरावतीचे पक्षिमित्र हिवाळ्यात या भागातल्या तलावांवर बदकं मोजतात. चांगलं काम आहे. पण बदक तलावावर येतं ते पाणी पाहायला नाही, खायला येतं. त्याच्या ताटात काय आहे याचीही यादी हवी.

उत्तर अमेरिकेत एका बदकाचं शास्त्रीय नावच या झाडावरून पडलं आहे. ॲलेक्झांडर विल्सन यांनी १८१४ मध्ये त्याला व्हॅलिसिनेरिया हे जातीचं नाव दिलं, कारण ते तिथल्या व्हॅलिस्नेरियाचे कंद आणि अंकुर खाऊन पोट भरतं. सायबेरियन क्रौंच, जो भरतपूरला येत असे आणि २००२ नंतर आपल्या देशात आलाच नाही, तो आज चीनच्या पोयांग सरोवरावर हिवाळा काढतो आणि तिथं त्याचं मुख्य अन्न पूर्वापार व्हॅलिस्नेरियाचे कंद हेच होतं. जगात उरलेले जवळपास सगळे सायबेरियन क्रौंच हिवाळ्यात या एका सरोवराच्या परिसरावर अवलंबून आहेत. आपल्याकडची गोष्ट एवढी नाट्यमय नाही. पण आपल्या तलावातली माशांची पिल्लं या पानांच्या आडोशाला वाढतात, शंखगोगलगायी पानांवर अंडी घालतात, आणि कमळपक्षी तरंगत्या पानांवर चालतो तो त्यांतलेच किडे टिपायला. तालुक्यातल्या एका तलावावर जाळं टाकणाऱ्या भोई बांधवाला मी याबद्दल विचारलं. तो म्हणाला, “शेवाय गेलं का मासोई गेली समजा.” माझ्या तासाभराच्या व्याख्यानाचा ऐवज त्यानं एका वाक्यात सांगितला.

आता हे शेवाळ जातं कशामुळे ते समजून घेऊ, कारण माझं खरं म्हणणं इथून सुरू होतं.

व्हॅलिस्नेरिया तळाशी मूळ धरून वाढतं. म्हणजे तळापर्यंत ऊन पोचलं पाहिजे. ऊन किती खोल जातं हे मोजायची सोपी पद्धत १८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलज्ञानं काढली. दोरीला पांढरी तबकडी बांधायची, पाण्यात सोडायची आणि ती जिथं दिसेनाशी होते ती खोली नोंदवायची. दीडशे वर्षांनंतरही सरोवरांचे अभ्यासक हेच करतात. आपल्या घरातली पांढरी ताटली आणि सुताराची टेप घेऊन दहावीचा मुलगा हे करू शकतो. ताटली हातभरावर दिसेनाशी झाली तर समजावं, त्या तलावात खोल पाण्यात काही उगवणार नाही. जे उगवेल ते उथळ काठावर. तलावाचं जिवंत अंग म्हणजे हा उथळ काठ, जिथं ढोरं पाणी प्यायला उतरतात, जिथं कंबरभर पाणी असतं आणि उन्हाळ्यात जमीन उघडी पडते.

आणि हेच झाड उलट पाण्यालाही स्वच्छ ठेवतं. मुळांनी चिखल धरून ठेवतं, म्हणून वाऱ्यानं गाळ उठत नाही. पाण्यातलं पोषण आपण घेतं, म्हणून हिरव्या सूक्ष्म शैवालाला उरत नाही. मुळांतून चिखलात ऑक्सिजन सोडतं. आपल्या काळ्या कातळाच्या मुलखातलं पाणी जड असतं, त्यात बायकार्बोनेट भरपूर, आणि व्हॅलिस्नेरिया त्यातूनही कार्बन मिळवू शकतं, जे पुष्कळ पाणवनस्पतींना जमत नाही. नेदरलँड्सच्या मार्टेन शेफर यांनी १९९० च्या दशकात उथळ तळ्यांबद्दल एक सिद्धान्त मांडला. उथळ तळं दोनच अवस्थांत स्थिर राहतं, असं ते म्हणतात. एक तर झाडं असलेलं नितळ, नाहीतर झाडं नसलेलं गढूळ हिरवं. मधे फार काळ थांबत नाही. शेतातून खत वाहून येत राहतं, तळं बराच काळ सोसतं, काही दिसत नाही, आणि एखाद्या वर्षी एकाएकी पलटतं. एकदा पलटल्यावर खत थोडं कमी केलं तरी ते परत येत नाही. फार कमी करावं लागतं, आणि कधी कधी झाडं हातानं लावावी लागतात. आपल्या वावरांतून डीएपीच्या पिशव्या रिकाम्या होतात. पहिल्या मोठ्या पावसात धुऱ्यावरून जो गढूळ लोंढा उतरतो त्यात त्या खतातल्या स्फुरदाचा वाटा असतो आणि तो सरळ तलावात जातो.

खतापेक्षाही मला दोन गोष्टींची चिंता जास्त वाटते. पहिली, खोलीकरण. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आलं आणि २०१७ मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना. गाळ काढणं वाईट आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. बरड जमिनीत तलावाचा गाळ पडला की पीक कसं उभं राहतं ते मी पाहिलं आहे, आणि ज्या शेतकऱ्याला तो मिळाला त्यानं तो सोन्यासारखा पसरला. पण यंत्र तलावात उतरतं तेव्हा सगळा तलाव एकसारखा, उभ्या भिंतीचा, खोल खड्डा करून जातं. उथळ काठ नाहीसा होतो. त्याच गाळात व्हॅलिस्नेरियाच्या बिया आणि धुमारे असतात. ते वावरात जाऊन वाळतात. कागदावर तलावाचा साठा वाढतो, तो घनमीटरांत मोजला जातो, फलक लागतो. काठावरची झाडं मोजणारा रकाना त्या कागदात नाही. वर काठाला सगळीकडून दगडी पिचिंग केलं आणि फिरायला पेव्हर ब्लॉकचा रस्ता केला की तलाव देखणा दिसतो, पण त्यात जगण्यासारखं काही उरत नाही. शहरांतल्या तलाव सुशोभीकरणाबद्दल माझं स्पष्ट मत हेच आहे.

दुसरी गोष्ट, गवत्या मासा. हा मासा १९५९ मध्ये भारतात आणला गेला. तो पाणवनस्पती खातो, हा त्याचा गुण मानला जातो. मोठ्या, बुडालेल्या पाणवनस्पतींनी गळा आवळलेल्या जलाशयात त्याचं काम असू शकेल. पण गावच्या लहान तलावात त्याची बोटुकली सोडली की दोन-तीन वर्षांत तळ बोडका होतो. देशी मासे ज्या आडोशात वाढतात तोच तो खातो.

पुष्कळदा वाटतं, गेलेलं परत येत नाही. येतं. आपल्याच विदर्भात येऊन दाखवलं आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडे मालगुजारी तलावांचा मुलूख आहे. तिथं भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्या तलावांवर जगणाऱ्या धीवर समाजातले जाणते मासेमार यांनी मिळून अर्जुनी मोरगाव भागात तलाव पुन्हा जिवंत करायला घेतले. आधी मासेमारांकडून विचारून घेतलं की पूर्वी तलावात काय काय उगवायचं आणि कोणता मासा कुठल्या झाडाजवळ असायचा. मग उन्हाळ्यात तलावातली बेशरमाची झुडपं मुळासकट काढली, तळ नांगरला, आणि पाऊस पडल्यावर हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, तरंगत्या पानांच्या वनस्पती दुसऱ्या चांगल्या तलावांतून आणून लावल्या. शेतात भात लावतात तसं तलावात शेवाळ लावलं! देशी मासे परतले, पक्षी परतले, आणि पुढे हे काम गावोगावच्या धीवर महिलांनी हाती घेतलं. मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती पहिली पायरी, ज्यांचं पोट तलावावर आहे त्यांना आधी विचारण्याची. यंत्र बोलावण्याआधी आपणही ते करू शकतो.

आपला मुलूख मालगुजारी तलावांचा नाही, हे खरं. पण आपल्याकडे पाझर तलाव आहेत, गावतलाव आहेत, आणि एक ठेवा असा आहे ज्याकडे कुणाचं लक्ष नसतं. जीआयपी रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. हीच लाइन चांदूरवरून गेली आणि त्यामुळे चांदूर बाजारपासून वेगळं ओळखायला आपल्या गावाला रेल्वे हे आडनाव मिळालं. या लाइनचा भराव घालायला जी माती लागली ती शेजारूनच खणली. देशभर रेल्वेच्या भरावाशेजारी असे खड्डे आहेत आणि पावसाळ्यात ते भरतात. त्यांत पाणवनस्पती आपोआप येतात, कारण बिया बदकांच्या पायाला आणि पोटातून प्रवास करतात. कचरा टाकायला आपण हेच खड्डे निवडतो. ते थांबवायला कुठल्या योजनेची गरज नाही.

आणखी एक जुनी गोष्ट सांगतो. उत्तर हिंदुस्थानात खांडसरी साखर पांढरी करायला अशाच पाणवनस्पतींचे ओले थर कच्च्या साखरेवर पसरत आणि त्यातलं पाणी झिरपत जाऊन साखरेची मळी धुऊन नेई. हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया दोन्ही त्या कामाला येत. म्हणजे बाजाराला जेव्हा त्यांची गरज होती तेव्हा लोकांना ही झाडं ओळखता येत होती. आता गरज आपल्या पाण्याला आहे.

या सभागृहात महाविद्यालयाचे विद्यार्थी बरेच दिसतात, सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यही आहेत. दोघांना वेगवेगळी विनंती करतो. विद्यार्थ्यांनी पावसाळा ओसरून पाणी नितळलं की एक पांढरी ताटली, दोरी, भिंग आणि वही घेऊन आपापल्या गावच्या तलावावर जावं. कुठं ताटली किती खोल दिसते, तळाशी कोणती झाडं आहेत, वर पांढऱ्या पिठासारखे कण तरंगताहेत का, हे लिहावं. ते कण बहुधा नरफुलं असतील. भिंगाखाली तीन दलांवर उभी राहिलेली दिसतील. वाऱ्यानं ती काठाला एका बाजूला गोळा होतात, तिथं आधी शोधा. अमरावती जिल्ह्याच्या तलावांतल्या वनस्पतींची तालुकानिहाय नोंद हा नुसता एका पदवीचा विषय नाही, हे गावाचं दप्तर आहे. आणि पाण्यात उतरताना दोघं-तिघं मिळून जा, गाळाचा भरवसा नसतो.

सरपंचांना विनंती अशी की यंदा तुमच्या गावच्या तलावातला गाळ काढायचा ठराव होईल तेव्हा त्यात तीन ओळी जास्त लिहून घ्या. जिकडून पाणी तलावात शिरतं त्या बाजूचा उथळ काठ यंत्रानं तोडू नये. उरलेला तलावही एका वर्षात सगळा न खणता अर्धा आज, अर्धा पुढे खणावा, म्हणजे शिल्लक राहिलेल्या अर्ध्यातून झाडं पसरतील. आणि या तलावात गवत्या मासा सोडू नये. ठराव मांडण्याआधी तुमच्या गावातल्या भोई बांधवांना सभेला बोलवा आणि पहिलं बोलणं त्यांना करू द्या.